त्या आचाऱ्याचं काय झालं

लग्न होऊन मी वडवणीला आले, तेव्हा सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पोरगा मुंबईला हाय. कंपनीच्या मेसमधी आचारी." ते खोटं नव्हतं. फक्त ती मेस मुंबईत नव्हती. मुंबईहून हेलिकॉप्टरने जावं लागतं अशा ठिकाणी, भर समुद्रात, तेलाच्या विहिरीवर उभ्या केलेल्या लोखंडी डोलाऱ्यावर होती. त्याला रिग म्हणतात. एक महिना रिगवर आणि एक महिना घरी, अशी ह्यांची पाळी असायची.

लग्नानंतर आठवड्याभरात ह्यांनी मला मोबाईलवर फोटो दाखवले. चहूकडे पाणी, मधे पिवळ्या रंगाचे खांब, वर एक उंच मनोरा. मी विचारलं, "इथं भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "स्वयंपाकघरात कुठली भीती? वांगी काय इथली आन काय तिथली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मायला मात्र सांगू नको. तिची झोप जाईल."

मी नाही सांगितलं. आमच्या घरात तेव्हा आम्ही दोघीच जास्त दिवस असायचो. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दिवाळी झाली की कोयता घेऊन गाडीत बसायचं आणि ऊन तापायला लागलं की परत यायचं. आता त्या घरीच असत, चार शेळ्या सांभाळत. मी ब्लाऊज शिवायची. दुपारी त्या टीव्ही लावत आणि मी मशीन त्या खोलीत ओढून घेई, म्हणजे सोबत व्हायची. त्यांना मालिका आवडत नसत. "ह्या बाया काम कवा करत्यात?" असं म्हणून त्या चॅनल बदलायच्या. मारामारीचे, भुताचे, हिंदीत केलेले परदेशी सिनेमे त्या आवडीने बघत.

एका रविवारी दुपारी असाच एक सिनेमा लागला. मी हेमशिलाई करत होते, मान खाली होती. हेलिकॉप्टरचा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर पडद्यावर रिग. तसेच पिवळे खांब, तसाच मनोरा. माझा हात थांबला. रिमोट आत्यांच्या मांडीवर होता. मी म्हटलं, "आत्या, दुसरं काही लावा ना, हे कंटाळवाणं दिसतंय."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "असल्याच ठिकाणी हाय ना तो?"

मी मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागले.

"मला काय येडी समजता का तुमी दोघं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "फोनवर बोलताना त्याच्या मागं खिडकी दिसती. एक झाड न्हाई, एक घर न्हाई, नुसतं पाणी. आन त्याच्या बॅगेची चेन दर खेपेला गंजून येती. मीच तर तेल घालती तिला."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"त्याला वाटतंय ना मला ठाऊक न्हाई, तर वाटू द्यावं. त्याचा जीव तेवढाच हलका."

मग मी मशीन सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. सिनेमा पुढे सरकत होता. एक तरुण इंजिनिअर होता, त्याचं साहेबाशी पटत नव्हतं. पाईपात काहीतरी बिघाड आहे असं तो ओरडून सांगत होता आणि साहेब ऐकत नव्हता. आत्यांना त्यात फारसा रस नव्हता. पण मधेच तो इंजिनिअर जेवायला गेला, आणि तिथे एक आचारी दिसला. जाडजूड, टक्कल पडलेला, खांद्यावर टॉवेल. एका हाताने अंडी फोडून तो तव्यावर टाकत होता, आणि रागावलेल्या त्या पोराला म्हणत होता, पहले खा ले, फिर लड़ना.

आत्या हसल्या. "बघ, टावेल बी तसाच हाय."

खरंच तसाच होता. आमचे हे मांजरसुंब्याच्या धाब्यावर स्वयंपाक शिकले. खांद्यावर टॉवेल टाकायची सवय तिथली. घरी भाकरी खायला बसतानासुद्धा तो खांद्यावर असतो.

त्यानंतर थोड्याच वेळात पडद्यावर सगळं पेटलं. खालून गॅस वर आला, ठिणगी पडली आणि मनोऱ्याच्या टोकापर्यंत आग. माणसं बोळांतून धावत होती, दारं उडत होती, कुणी उंचावरून काळ्या पाण्यात उड्या मारत होतं. मी दोनदा डोळे मिटले. आत्या मात्र पापणी न हलवता बघत होत्या, गुडघ्याशी हात बांधून. शेवटी तो इंजिनिअर वाचला, ब्लँकेट गुंडाळून बोटीवर बसला, किनाऱ्यावर त्याची बायको रडत धावत आली, आणि नावं सुरू झाली.

आत्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्या आचाऱ्याचं काय झालं?"

मी आठवून बघितलं. आग लागल्यानंतर तो दिसलाच नव्हता. मेला असंही दाखवलं नव्हतं, वाचला असंही नाही.

"दाखवलं नाही, आत्या."

"असं कसं दाखवलं न्हाई? एवढा मोठा माणूस."

संध्याकाळी ह्यांचा फोन यायची वेळ झाली. मी म्हटलं, "त्यांनाच विचारू का? त्यांना ठाऊक असेल, आचारी अशा वेळी कुठे जातात ते." आत्यांनी माझा हात घट्ट धरला. "न्हाई. तो तिथं असताना असलं कायबी इचारायचं न्हाई. घरी येऊ दे." फोन आला. त्या नेहमीसारख्याच बोलल्या, "बरा हाईस ना? काय केलतं आज?" हे म्हणाले, "बरा हाय माय. कढी-खिचडी केली." एवढंच.

दोन-तीन दिवस त्या घरात हरवल्यासारख्या वावरल्या. शेळ्यांना पाला टाकताना मधेच थांबत. मग एका दुपारी म्हणाल्या, "पोरी, तो सिनेमा तुझ्या मोबाईलवर सापडंल का?"

सापडला. आम्ही दोघी दाराच्या उजेडात बसलो आणि तो परत बघितला, पण ह्यावेळी गोष्ट बघितलीच नाही. नुसता आचारी शोधला. मी बोटाने थांबवत होते, त्या डोळे बारीक करून मागची माणसं तपासत होत्या. आग लागल्यानंतरच्या एका प्रसंगात, इंजिनिअर बोळातून पळत असताना, त्याच्या मागे क्षणभर एक पाठ दिसली. टक्कल. खांद्यावर काहीतरी पांढरं.

"थांब! हाच. हाच हाय तो."

मी चित्र थांबवलं. तोच होता. पण सगळी माणसं आमच्याकडे तोंड करून बाहेर पळत होती आणि हा एकटा पाठमोरा होता. आत चालला होता. पुढच्याच क्षणाला धूर आला आणि बोळ दिसेनासा झाला.

आत्या बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिल्या. "आत कावून चाललाय हा?" त्या हळूच म्हणाल्या. "सगळी भाहीर पळायली, आन हा आत कावून?"

मला वाटलं, शोधला नसता तर बरं झालं असतं.

हे घरी आले ते त्यानंतर पंधरवड्याने. आत्यांनी त्यांना आंघोळ करू दिली, जेवू दिलं, एक झोप काढू दिली. मग चहाचा कप हातात देऊन समोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "लाव गं तो सिनेमा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही बोलले नाही अशा अर्थाने. आत्या म्हणाल्या, "तिच्याकडं बघू नको. तू समुद्रात ऱ्हातो हे मला लई दिवसांपासून ठाऊक हाय. आता हे बघ आन मला सांग."

 हे कानापर्यंत लाल झाले. पण सिनेमा सुरू झाल्यावर हळूहळू सैल झाले, आणि मग त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. "असला मोकळा जाळ तव्याखाली नसतो तिथं, सगळं लाईटीवर चालतं." "बिगर हेल्मेटचा कोण फिरतोय हा? घरी पाठवतील त्याला." आत्या गप्प ऐकत होत्या. बोळातला प्रसंग आला तशी त्यांनी मला थांबवायला लावलं.

"हा आचारी. हा आत कावून चालला?"

ह्यांनी वाकून बघितलं. आणि ताबडतोब, विचार न करता म्हणाले, "भट्टी बंद करायला."

"काय?"

"कढईत तेल तापलेलं असतं माय. तसंच टाकून पळालं तर एकाच्या दोन आगी व्हत्यात. तो बंद करायला चाललाय."

आत्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तू बी आत जाशील."

तेव्हा हे उठले. म्हणाले, "चल अंगणात, दाखवतो." अंगणात त्यांनी शेळ्यांच्या पाण्याचं घमेलं बाजूला सरकवलं आणि जमिनीवर रिग मांडली. एक वीट उभी केली, ती विहिरीवरचा मनोरा. तिच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला पाटा ठेवला, ते स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या. पाट्याला लागून स्वतःची चप्पल उलटी ठेवली. "ही होडी. उलटी ठेवली, कारण तिला वरून छप्पर असतं. आत बसायचं, पट्टे बांधायचे, दार लावायचं. लाट आली तरी पाणी आत येत न्हाई. आता बघ, आग कुठं लागली? हिथं, विटेपाशी. आचारी कुठं हाय? हिथं. होडी कुठं हाय?"

"त्याच्या जवळ," आत्या म्हणाल्या.

"सगळ्यात जवळ. सायबापेक्षा बी जवळ. आन भट्टीचा खटका दाराशीच असतो. आत पार जावं लागत न्हाई. हात घालायचा, दाबायचा, भाहीर."

आत्या उकिडव्या बसल्या. कोर्टात वकील विचारतो तसं एकेक विचारू लागल्या. धुरात खटका कसा दिसला असेल? "रोजचा हात हाय माय, आंधारात बी सापडतो." दार अडकलं असेल तर? "मागून दुसरं हाय, कचरा काढायचं." होडी भरून निघून गेली असेल तर? "दुसऱ्या बाजूला दुसरी हाय." तेवढ्यात एक शेळी आली आणि तिने चपलेला तोंड लावलं. आत्यांनी तिला धपाटा घातला आणि होडी जागेवर ठेवली.

"मग त्यांनी दाखवलं कावून न्हाई तो वाचला ते?"

"सिनेमावाल्यांना आचारी लागतो तो वाढण्यापुरता. पुढं त्यांना त्याची गरज न्हाई."

"आपल्याला हाय की," आत्या म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय. तो वाचला. खटका दाबला, मागच्या दारानं निघाला, दुसऱ्या होडीत बसला. मी बी त्या दिवशी तसाच..." आणि हे थांबले.

 मी हातातला भोपळा तसाच धरून उभी होते. ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती.

"कंच्या दिवशी?" आत्यांनी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. मागल्या वर्षीची गोष्ट होती. दुपारच्या जेवणाला पुऱ्या करायच्या होत्या. कणीक मळून झाली होती, तेल तापत आलं होतं, आणि घंटा वाजायला लागली. दर आठवड्याला सरावाची वाजते तशी नव्हे, कारण तो दिवस सरावाचा नव्हता. मग भोंग्यातून आवाज आला, गॅस सुटलाय, सगळ्यांनी होड्यांपाशी या. ह्यांनी खटका दाबला, गळ्यात लाईफ जॅकेट अडकवलं आणि जाऊन रांगेत उभे राहिले. एकेकाचं नाव घेऊन हजेरी चालली होती. उन्हात लोखंड तापलेलं, बुटातून पाय पोळत होते.  शेजारचा माणूस, एरवी दिवसभर टिंगल करणारा, ओठ हलवत होता, देवाचं नाव घेत असावा. ते सगळे तसे दुपार कलेपर्यंत उभे होते. मग गळती सापडली, बंद झाली आणि सगळ्यांना आत सोडलं.

"तवा मी आठवले का रे तुला?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

हे खाली बघत म्हणाले, "खरं सांगू का माय? कणीक आठवली. म्हटलं, झाकली न्हाई, वाळून जाईल."

आत्या आधी हसल्या आणि मग डोळ्याला पदर लावला. हेही हसले. मग म्हणाले, "परत आत गेलो तर वरून खरंच वाळली व्हती. पाण्याचा हात लावून परत मळली. पुऱ्या लाटाया घेतल्या तर हात असा थरथरायला, की एक बी गोल होईना. कशाबी आकाराच्या झाल्या. तरी सगळे गपचिप खात व्हते. मोठे साहेब कधी स्वयंपाकघरात येत न्हाईत, ते ताट घेऊन आत आले आन म्हणाले, अजून दोन वाढ. तू आठवलीस ती त्या टायमाला. पुऱ्या तळताना."

आत्या उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी त्या ह्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण चुलीवर ह्यांच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी शिजत होती, आणि भाकरी तव्यावरून थेट त्यांच्याच ताटात पडत होती. हे माझ्याकडे बघत आणि मी ताटाकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्यांची धार काढता काढता, आमच्याकडे न बघता, आत्या बोलायला लागल्या. "तू वसतिगृहात व्हतास, सहावीला का सातवीला. आमी कारखान्यावर. मी फोन करायची तुला, आठवतंय?"

"आठवतंय की. बरी हाय म्हणायचीस."

"एका सालाला उसाची गाडी कलंडली. मी वर बसले व्हते. ऊस अंगावर आला. दवाखान्यात ठेवलं व्हतं मला. तुझ्या बापानं फोन धरला कानाशी, मी पडूनच बोलले तुझ्याशी. बरी हाय म्हणले."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू झोपला नसतास."

जवळजवळ हेच वाक्य लग्नानंतर मी ह्यांच्या तोंडून ऐकलं होतं.  हे उठले, आत्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांच्या हातातलं भांडं घेऊन उरलेली धार त्यांनी काढली. त्यांना ते नीट जमत नाही. शेळीने दोनदा लाथ मारली. आत्या म्हणाल्या, "समुद्रावर राहून हात इसरले ह्याचे," आणि सगळं मोकळं झालं.

निघायच्या दिवशी मी त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले. आत्याही आल्या. एरवी त्या दारातूनच निरोप देत. एसटी येताना दिसली तशी त्या म्हणाल्या, "हे बघ, आता जे व्हईल ते सांगायचं. म्या काय काचेची न्हाई. आन तू कुठं हाईस ते ठाऊक असलं म्हंजे मला बरं वाटतं. ठाऊक नसलं की मी उगाच कुठंबी शोधत बसते तुला."

"आन तू बी सांगायचं," हे म्हणाले.

"बरं, मी बी सांगन."

ह्यांनी ते पाळलं. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाले, "माय, आज मनगटाला चटका बसला. फोड आलाय. मलम लावलंय." आत्यांनी सगळं विचारून घेतलं, फोड केवढा, कुठल्या बाजूला, ताट धुवायला कोण आहे. फोन ठेवल्यावर मला वाटलं आता काळजी करत बसतील. पण त्यांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं आणि पडल्या पडल्या झोपल्या. असं खरं कानावर आल्यावर त्यांना झोप लागते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पुढे एकदा वादळ आलं. हेलिकॉप्टर उडेना, ह्यांचं घरी येणं लांबलं, फोनही लागेना. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारणी यायच्या, बातम्या सांगायच्या, मला अजून घाबरवायच्या. तेव्हा आत्या त्यांना बसवून घ्यायच्या आणि समजावायच्या, होडीला छप्पर असतं, पट्टे असतात, दार आतून लागतं. मला म्हणायच्या, "तू शिवत बस. सरळ शिलाई मार, हात चालू ठेव." मी शिवत बसायचे. दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागल्या, पण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी फोन लागला. हे म्हणाले, "लई हालतंय हितं. खरं सांगतोय, भ्या वाटतंय. सगळ्यांना उलट्या व्हायल्यात, कोण जेवत न्हाई. मी भात केलाय नुसता." आत्या म्हणाल्या, "भातावर लिंबू पिळ. आन तू बी खा." आठवडाभराने ते सुखरूप दारात उभे होते, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली.

आत्यांची पाळी मात्र उशिरा आली. ह्यांच्या पुढच्या खेपेला एकदा फोनवर त्यांनी सवयीने "बरी हाय" म्हटलं आणि मग तोंडापुढचा मोबाईल तसाच धरून थांबल्या. "न्हाई, थांब. बरी न्हाई. गुडघा लई दुखतोय. दिवाळीपासून. पायरी चढता येईना मला."

मी समोर बसले होते आणि मला याचा पत्ता नव्हता. रोज त्यांच्याबरोबर राहून नव्हता.  तिकडून हे म्हणाले, "उद्याच बीडला जावा दोघी."

आम्ही गेलो. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड झिजलंय म्हणाले, पण एवढ्यात ऑपरेशन नको. रोज पायावर वजन ठेवून उचलायचा व्यायाम सांगितला, जमिनीवर उकिडवं बसायचं नाही असं बजावलं. आत्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मग शेळ्यांची धार काय खुर्चीवर बसून काढू?" मी म्हटलं, "हो. पाट मिळेल उंच, तो आणू." त्यांनी मान्य केलं नाही, पण नकोही म्हटलं नाही.

बसस्थानकावर वडवणीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. आत्यांनी मला पाकिटातला एक्स-रे बाहेर काढायला लावला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "ह्याचा फोटू काढ आन धाड त्याला. त्याला बी दिसू दे." मी पाठवला. उत्तर आलं नाही. मी दोनदा मोबाईल बघितला.

"जेवणाची येळ असंल त्याची," आत्या म्हणाल्या. "वाढत असंल. तू काढ आपली भाकरी."

मी डबा उघडला. आम्ही दोघींनी तिथेच भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर, आणि गाडी लागली तेव्हा आधी त्यांना वर चढवलं.